दिव्यांच्या सभेतली हरकत

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार (अक्षरशः साष्टांग, कारण हे पत्र मी कचेरीतल्या टेबलाखाली पालथा पडून लिहितो आहे, साहेबांचे बूट दाराशी येऊन परत गेले की पुढची ओळ लिहितो).

तुमचा गुडघा कसा आहे? दीपगृहाचा जिना चढताना अजून मधेच बसावं लागतं का? मामींचा खोकला काय म्हणतो? दिव्याची भिंगं पुसायला मऊ कापड मिळालं का? तुम्ही सगळे खुशाल असाल तर मीही आहे, असं लिहायची रीत आहे. पण मामा, मी खुशाल नाही. मला भीती वाटते आहे. घास उतरत नाही, लिफ्टची घंटा वाजली तरी दचकतो. आणि साहेबांच्यापेक्षा जास्त भीती तुमची वाटते आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, मला इथे धाडलं ते दिव्यांच्या सभेसाठी. अनेक देशांच्या सरकारांनी मिळून चालवलेली ही संस्था. समुद्रावर कुठे, कसले नि कोणत्या रंगाचे दिवे लागावेत हे ती ठरवते. इथे मतदान जवळजवळ होतच नाही. अध्यक्ष विचारतात, कुणाची हरकत आहे का. सगळे गप्प राहिले की लाकडी हातोडी वाजते आणि कलम मंजूर. म्हणजे मुठीएवढ्या देशानेही तोंड उघडलं तर बाकी सगळं जग अडून बसतं. याला एकमत म्हणतात. (सुट्टीत कुठे जायचं हे आपल्या घरी असंच ठरायचं, म्हणून आपण कधीच कुठे गेलो नाही.)

कराराच्या मसुद्यात ज्या शब्दांवर एकमत झालेलं नसतं ते चौकोनी कंसात ठेवतात. (माझ्या पत्रातले कंस गोल आहेत, तेवढे मान्य धरावेत.) नववं कलम पहिल्यापासून असं कंसात अडकलेलं होतं: [दीपगृहावर यापुढे माणूस नेमू नये.] दिवा आपला आपण लागेल, आपला आपण विझेल, बिघडला तर लांब कुठल्यातरी खोलीत घंटा वाजेल. आपल्या सरकारला हे नको होतं. मला तर मुळीच नको होतं, कारण मी निघालो तेव्हा तुम्ही मला वर नेलंत, दिवा लावलात आणि म्हणालात, "एवढं तेवढं सांभाळ रे." दुसऱ्या कुणी तासभर भाषण दिलं असतं.

नववं कलम येणार त्याच दुपारी साहेबांची दाढ ठणकायला लागली आणि ते दाताच्या डॉक्टरकडे गेले. जाताना खुर्ची माझ्या हवाली केली. काम एका वाक्याचं: कलम आलं की आपल्या देशाची पाटी उभी करायची, माइकचा लाल दिवा लागला की म्हणायचं, आमची हरकत आहे. आपल्या भाषेत बोललं तरी चालतं, काचेमागे दुभाषी असतात. मी हे वाक्य न्हाणीघरात इतक्या वेळा घोकलं की शेजारच्या खोलीतल्या बाईंनी भिंत ठोकली. (त्यांची हरकत होती आणि ती त्यांना पहिल्या फटक्यात नोंदवता आली.)

कलम आलं. मी पाटी उभी केली. लाल दिवा लागला, सभागृहातली सगळी डोकी माझ्याकडे वळली आणि माझ्या घशाला कोरड पडली. शेजारच्या देशाचे वयस्क गृहस्थ, अगदी देवमाणूस, त्यांनी माझी दशा पाहून पाण्याचा पेला पुढे केला. तो कलंडला, पाणी कागदांवर आणि कागदांवरून माझ्या मांडीवर. ते बिचारे ओशाळून माफी मागायला लागले. आणि मामा, तुम्ही लहानपणापासून लावलेलं वळण नेमकं त्या घटकेला वर आलं. त्यांच्याकडे वळून, हसून, माइक चालू असताना मी म्हणालो, "हरकत नाही."

दुभाष्यांनी ते इमानाने सगळ्या भाषांत पोचवलं. हातोडी वाजली. कंस गळून पडले. टाळ्या झाल्या, अध्यक्षांनी आपल्या देशाच्या समजूतदारपणाची तारीफ केली आणि मी ओल्या पँटनिशी उठून आभार मानले. (का मानले ते विचारू नका, तेही वळणच.)

साहेब परतले ते गाल सुजवून. तोंड उघडत नव्हतं म्हणून ओरडले नाहीत. नोकरी जाईल, जाऊ दे. पण डोळे मिटले की तुम्ही जिना उतरताना दिसता, किल्ल्यांचा जुडगा हातात धरून, आणि वर दिवा आपला आपण फिरत असतो.

संस्थेच्या कायदा सल्लागार बाईंनी थोडा धीर दिला. हातोडीने काही देश बांधला जात नाही. करारावर सही व्हावी लागते, मग आपल्या संसदेने होकार द्यावा लागतो. पण साहेब म्हणतात, सगळे आत गेल्यावर एकटं बाहेर राहायची आपली ताकद नाही. तेव्हा उपाय एकच. सभेचा वृत्तान्त अजून कच्चा आहे. तो पक्का व्हायच्या आत आपलं वाक्य दुरुस्त करून मागता येतं. मात्र बोलणाऱ्याच्या रोजच्या वापरात त्या शब्दांचा अर्थ संमती असा नव्हता, हे दाखवावं लागतं.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि मला त्यातून उरेल ते.

तुमचा [लाडका] भाचा
(हे कंस मुद्दाम चौकोनी आहेत. एकमत झालं की काढावेत.)

ता. क. खरं काम हे. तुम्ही साक्ष लिहून पाठवा, की आपल्या घरात 'हरकत नाही' हे माणसाला लागलेलं असतं तेव्हा म्हणतात. दीपगृहाच्या लोखंडी दारात माझं बोट चेमटलं तेव्हा मी हेच म्हणालो होतो. तुमची बढती हुकली त्या संध्याकाळी भिंग पुसता पुसता तुम्हीही हेच म्हणालात. आठवत नसेल तर मामींना विचारा, त्यांना सगळं आठवतं.

ता. क. दुसरा. तुमचं उत्तर फायलीला लागणार आहे आणि दुभाषी ते शब्दाला शब्द उतरवणार आहेत. म्हणून पाया पडतो. गाढव म्हणा, तोंड दाखवू नकोस म्हणा, काय वाटेल ते लिहा. पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे आणि सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. मामा, एवढ्या एका वेळेला 'हरकत नाही' लिहू नका.