मागच्या चाकाचं सील

आप्पा, तुमची पिकअप विकायची ठरवलीय. तुम्ही गेल्यापासून ती दारातच उभी असते. मी कधीमधी बाजारापर्यंत नेते, एवढंच. शेजारी तिला तुमची समाधी म्हणतात. नशीब, अजून कुणी नारळ फोडलेला नाही. घेणारे खंडाळ्याकडचे मेंढपाळ आहेत, दोघे भाऊ. मेंढरं पायी जाणार, कोकरं आणि बायकापोरं गाडीतून घाट उतरणार. मागचे ब्रेक लागत नाहीत हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. आपला धाकटा म्हणाला, "चालती हाय न्हवं? मग दे की हाय तशी, आक्का. पुढचं त्यांचं ते बघतील." तुमचा हा मुलगा आता गावात समजूतदार म्हणून ओळखला जातो.

मला पसरणीचा घाट आठवला. मी नुकती गाडी शिकलेली, उतारावर बढाया मारतेय, बघा कशी पळतेय. तुम्ही गाडी कडेला घ्यायला लावता. "गाडी चालली न्हाई तर चालतंय. थांबली पायजे. उतर खाली. चालत ये, म्हंजी उतार कळंल." शेवटची वळणं मी तुटक्या चपलेनं उतरले. पायथ्याला तुम्ही चहा पीत बसलेले. माझाही सांगून ठेवला होता, गार झालेला.

म्हणून सोमवारी गाडी वाईतल्या गॅरेजात नेली. मिस्त्रीनं मागचं चाक काढलं, ड्रम ठोकून ठोकून सोडवला आणि आत बघून हसायलाच लागला. "ताई, ही लायनरं हायत का भजी?" एक्सलचं सील गेलं होतं, आतलं तेल गळून ब्रेकच्या लायनरवर साचलं होतं. त्यानं एक्सल ओढून काढला, नवं सील, नवी लायनरं बसवली आणि ब्रेकमधली हवा काढायला गाडीखाली शिरला. मी सीटवर. तुमच्या वेळीही हे काम माझंच असायचं. "दाबा. धरा." पायाखाली पेडल हळूहळू खाली जातं, मग कडक होतं. तुम्ही "दाब, धर" म्हणायचात, आणि चुकून पाय उचलला की गाडीखालून माझ्या सासरचा उद्धार व्हायचा, लग्न ठरायच्याही आधी.

"ताई, सोडा की आता! कवाचं वराडतुय मी!"

इथे रडू आलं असं लिहिलं तर माझ्या सदराच्या वाचकांना बरं वाटेल; एरवी मी त्यांना फक्त टोचते. पण नाही आलं. तुमच्या दहाव्यालाही आलं नव्हतं. कावळा शिवेना तेव्हा आत्या कावळ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. या वेळीही मी आत काही शोधलं, मिळालं नाही. पाय तेवढा पेडलवर होता.

मग घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत गाडी चढवली, उतरवली. ब्रेक दाबला तिथे थांबली. दर वेळी. तुम्हीसुद्धा काही बोलला नसता, म्हणजे तुमच्या भाषेत कौतुकच.

संध्याकाळी मेंढपाळांतल्या थोरल्याचा फोन आला. "आक्का, कवा न्हेऊ गाडी?"

"मागचे ब्रेक लागत नव्हते, त्याचं सील मिळेना हो. सांगलीहून मागवलंय."

"असू द्या, सावकाश. बिगर ब्रेकाची आमाला बी नगं."

भला माणूस. रोज फोन करतो, रोज तेच उत्तर ऐकतो. सील गॅरेजच्या समोरच्या दुकानात मिळालं होतं, आप्पा. आज शुक्रवार आहे.