गरम गाडी खोटं बोलते

५ फेब्रुवारी १९५४, आलापल्ली
पोहोचलो एकदाचा! चांद्याहून रिकाम्या ट्रकमध्ये बसून आलो. हाडं खिळखिळी झाली, पण जंगल पाहून जीव खूश झाला. सागवानाचे ठेकेदार गुणवंतराव स्वतः फाटकाशी घ्यायला आले. दाराशी त्यांची लढाईच्या आधीची विलायती मोटार उभी होती. खडखडते, झटके देते, चढावर कुथते. बरी केली तर कायमची नोकरी आणि राहायला खोली देणार आहेत. म्हणजे होळीपर्यंत मनकर्णाला नागपूरहून आणता येईल. लग्नाला वर्ष झालं, तरी आमचा संसार अजून मामाच्या ओसरीवरच आहे.

गाडी आत्ताच पाहा म्हणाले. मी म्हटलं, उद्या. शितावरून भाताची परीक्षा होते, जुन्या मोटारीची नाही. तिला रात्रभर थंड होऊ द्यावं, मग हँडल मारून ऐकावं. गरम गाडी खोटं बोलते. हे वाक्य त्यांना फार आवडलं.

६ फेब्रुवारी
दुखणं सापडलं. पेचकसाचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला. ठक, ठक, आणि मग एक ठोका गायब. एकेका प्लगची वायर काढत गेलो. तिसरी काढली आणि ठक बंद. तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग गेलं आहे. उद्या इंजिन खोलणार.

बॉनेटखाली लाल कापडात बांधलेला नारळ होता. तो पाहून ड्रायव्हर नथ्थू मागे सरला. म्हणाला, "मिस्त्री, थो नारळ खाऊ नका. गाडीवरून उतरवला हाये. जो खाईल त्याले गाडीचा रोग लागते." मला हसू आवरेना. माणसाचं बेअरिंग जायला लागलं तर डॉक्टरांना दवाखान्यात ग्रीस ठेवावं लागेल! नारळ फोडला आणि गुळाबरोबर सगळा खाल्ला. गोड होता.

७ फेब्रुवारी
इंजिन खोलण्याआधी सहज हँडल मारलं. ठक नाही, झटका नाही. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तरी सांडू नये अशी चालते. काय झालं ते मलाही कळलं नाही, पण आयतं श्रेय कोण सोडतो? गुणवंतरावांना छाती ठोकून सांगितलं, हे इंजिन आता दहा वर्षं बंद पडणार नाही. मी काय दुरुस्त केलं ते त्यांनी विचारलंच नाही. नारळ खाल्ला का, एवढंच विचारलं.

संध्याकाळी छातीत दुखू लागलं. गंमत म्हणून पेचकस लावून ऐकलं. ठक, ठक, आणि एक गायब.

८ फेब्रुवारी
भीती वाटते आहे. काल दिवसभर चालू ठेवलेली गाडी रात्री बंद केली आणि मी अंगणात कोसळलो म्हणे. श्वास नाही, अंग थंडगार. नथ्थूनं वर चादर घातली. सकाळी त्यानं हँडल मारलं तसा मी उठून बसलो.

खात्री करून घेतली, सवयच ती. नथ्थूला किल्ली फिरवायला लावली. अंधार. मग हँडल. उजेड. पुन्हा तेच. इंजिन चालेल तोवर मी. आत्ता ते चालू आहे म्हणून लिहितो आहे.

९ फेब्रुवारी
गुणवंतरावांचे पाय धरले. ते हसले. "इथला कोनी खाल्ला नसता ना मिस्त्री, म्हनून तं नागपूरचा बोलावला."

११ फेब्रुवारी
पाहुणे जेवायला आले होते. मला वाढायला लावलं. मध्येच मालकांनी किल्ली फिरवली. उठलो तेव्हा तोंड वरणात होतं आणि ते टाळ्या पिटत होते. एक म्हणाला, पुन्हा दाखवा. पुन्हा दाखवलं. पुन्हा—

१२ फेब्रुवारी
दर वेळी काहीतरी परत येत नाही. डावा हात गेला. नथ्थू बिचारा रात्री गाडी चालू ठेवतो. होळीला जिला आणणार होतो तिचं नाव— सकाळपासून आठवतो आहे—

१३ फेब्रुवारी
गाडी विकायला काढली. राजुऱ्याचे मुखरूजी पाहायला आले. मालकांनीच त्यांना सांगितलं— आमचा मिस्त्री म्हणतो, गरम गाडी खोटं बोलते, थंड करून पाहा. मुखरूजी मार्कंड्याला देवदर्शन करून परवा येतील, तेव्हा हँडल मारतील. तोवर इंजिन बंद.

नथ्थू शेडमागे खड्डा खणतो आहे. मढं दोन दिवस घरात कोण ठेवील, असं मालक म्हणाले. मी त्याला म्हटलं, पुरू नको रे, परवा हँडल मारलं की मी उठेन— मातीखाली उठेन— तो रडतो, पण खणतो. त्यालाही पोट आहे.

मालक गाडीकडे निघाले—

जाताना मुखरूजी विचारत होते, इंजिन किती वर्षं चालेल. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मीच सांगितलं होतं— दहा वर्षं— बंद पडणार ना—