बावीस किलोचा हस्की

९ एप्रिल २००६, संध्याकाळ

साहेब गावी गेलेत. त्यांची गाडी हे चालवतात, म्हणून साहेबांचा कुत्राही आमच्याच गळ्यात. परवा गडचांदूरहून आणला. बर्फात गाडी ओढणारी जात म्हणे, हस्की. दिसायला वासराएवढा. "एवढं जनावर अंगणात बांधलं का बिबट्या इकडे फिरकनार नाई," हे म्हणाले. मलाही पटलं.

आज मोहाची फुलं जोखायला ताणकाटा टांगला होता. शेजारच्या सुकरूभाऊंनी गंमत म्हणून कुत्र्याला गोणीत बसवून लटकवलं. बावीस किलो! बाकी सगळे केसच. भाऊंचं हसू तिथंच थांबलं.

"बाई, बिबट्यानं माही बकरी नेली, ते याच्याहून भारी होती. अन् कुत्रा तं त्याच्या आवडीचा. तुमी त्याले घरी बोलावून राह्यले."

बावीस किलो. इथं जन्म गेला माझा, बिबट्या कुत्र्यासाठी गावात येतो हे मला का सांगावं लागलं? आकाराला भुलले मी.

कुत्रा घरात घेतलाय, दाराला अडसर लावलाय. तरी दोनदा उठून तो तपासला. मोहाच्या दिवसात पोरंही हौसेनं काट्याला लटकतात. कुत्रा उतरला, तशी आमची चिमी चढली. मी काट्याकडे पाहिलं. चौदा.

आणि कुत्रा आहे, आता कसली भीती, म्हणून दोन्ही रात्री तिची बाज मीच अंगणात टाकली होती. त्याच्या शेजारी.