सूत तुटलं नव्हतं

सोमवार, ३ नोव्हें.

घरी येऊन आठवडा झाला. अजून उठल्याबरोबर हात चादरीच्या कोपऱ्यांकडे जातात. चारी कोपरे ताणतो, उशी थापटून उभी करतो. आई मागून येते आणि त्याच चादरीवर पाय पसरून भाजी निवडत बसते. "ह्ये काय हाटेल हाय?"

दुपारी अंधेरीच्या एजन्सीतून मॅडमचा फोन. जहाज कंपनीने जबाबाचा फॉर्म पाठवलाय. एक पान आहे, वाचायचं, सही करून परत पाठवायचं. मग पुढच्या कॉन्ट्रॅक्टचं जॉइनिंग लेटर. "दो मिनट का काम है, प्रवीण."

फॉर्म उघडला. वर केबिन नंबर, ८१२४. खाली इंग्रजीत तीन वाक्यं. तिसरं वाक्य : सोमवारी सकाळी मी पाहुण्यांना फोन केला, त्यांनी आपण ठीक आहोत असं सांगितलं.

बंद केला. आईला म्हटलं, एजन्सीचंच काहीतरी आहे.

बुधवार, ५ नोव्हें.

सही नाही केली. समोरच्या कापड कारखान्यात लूम चालू झाले की बोलणं ऐकू येत नाही, हे एक बरं आहे. आई विचारते कधी निघायचं, मी कानाला हात लावतो.

आठ वर्षांपूर्वी लागलो तेव्हा माझ्याकडे बारा केबिनी होत्या. सकाळी साफसफाई, संध्याकाळी परत एक फेरी. पलंग उघडून द्यायचा, उशीवर चॉकलेट, टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कोणाची गोळी किती वाजता, सगळं पाठ. लोक दरवर्षी परत यायचे आणि आधी विचारायचे, प्रवीण कुठल्या मजल्यावर आहे?

कोरोनानंतर जहाजं परत सुटली तेव्हा अठरा केबिनी झाल्या. मग बावीस. संध्याकाळची फेरी बंद. चॉकलेट बंद. हत्ती कोणी मागितला तरच. कंपनीने पाहुण्यांना छापील पत्र दिलं, की हे तुमच्या खाजगीपणाची कदर म्हणून. आम्हाला टॅब दिले. केबिन झाली की हिरवी, राहिली की पिवळी. आमचा सुपरवायझर रोमेल, फिलिपिन्सचा, माणूस चांगला. पण त्याच्याही टॅबवर आमचे पिवळे ठिपके दिसतात आणि त्याचे त्याच्या वरच्याला.

तिकीट मात्र तेवढंच महाग. बाथरूममध्ये केस दिसला म्हणून माणसं माझ्यावर ओरडायची. चूक त्यांची नव्हतीच. मीही ओरडलो असतो.

बावीस केबिनी उरकायच्या तर कोण आत आणि कोण बाहेर हे न ठोठावता कळायला हवं. बाकीचे दाराच्या फटीत कागदाची घडी खोचतात. मी सूत लावतो. आई पूर्वी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची, तिची एक जुनी कांडी माझ्या बॅगेत कायम असते. बोटभर कच्चं सूत घ्यायचं, साबणाच्या बोटाने चौकटीला आणि दाराला चिकटवायचं, पावलाच्या उंचीवर, म्हणजे कोणाला दिसत नाही. दार उघडलं की तुटतं. तुटलेलं दिसलं की पाहुणा बाहेर गेला, आत शिरायचं. हे कंपनीला माहीत नाही. रोमेललाही नाही.

गुरुवार, ६ नोव्हें.

मॅडमचा मेल. सोबत ८१२४मधल्या बाईंच्या लेकीचं पत्र, जसंच्या तसं पुढे पाठवलेलं. मॅ.ने वर लिहिलंय : "दो अच्छी लाइन लिख दो, कंपनी को अच्छा लगेगा."

लेक लिहिते : माझ्या आईचा आवाज शेवटचा ऐकणारे तुम्ही आहात असं कंपनीने कळवलं. ती काय बोलली? आवाज कसा होता? थकलेला होता का? मी तिला त्या दिवशी फोन करणार होते आणि राहिलं. तुम्हाला आठवेल तेवढं सांगा, अगदी साधं काही असेल तरी.

तीनदा वाचलं. मग खाली जाऊन नाक्यावर उभा राहिलो. चहा सांगितला आणि न पिता परत आलो.

शनिवार, ८ नोव्हें.

आज लिहून टाकतो. निदान या वहीत तरी खरं असू दे.

८१२४, मिसेस एच., ऐंशीच्या आसपास, एकट्या. त्यांची या जहाजावरची अकरावी सफर, त्यातल्या चार माझ्या मजल्यावर. सगळं उतरत चाललेलं त्यांनी पाहिलं होतं. तक्रार करायच्या नाहीत, एवढंच म्हणायच्या, "पूर्वी मी खोकले तर तुला कळायचं."

त्या सफरीतला शेवटचा शनिवार, संध्याकाळी सहा. मी कॉरिडॉरमध्ये टॉवेलची गाडी ढकलतोय, त्या केबिनीत शिरतायत. म्हणाल्या, या वेळी एकही हत्ती नाही केलास. म्हटलं, उद्या करतो. "उद्या नक्की?" "नक्की." हसल्या. 'डिस्टर्ब करू नका'चं लाल कार्ड अडकवलं, दार लावलं. मी सवयीने वाकलो आणि सूत लावलं.

रविवार. कार्ड तसंच. सूत अख्खं. वाटलं, जेवण आत मागवलं असेल. पण जेवण आत आणायलाही दार उघडावं लागतं. हे तेव्हा डोक्यात आलं नाही असं लिहिणार होतो. आलं होतं. पण कार्ड बघून मला बरं वाटलं. एक केबिन कमी. हत्तीही वाचला. त्या सकाळी मला बरं वाटलं होतं.

सोमवार. एक दिवस उलटून कार्ड निघालं नाही तर केबिनीत फोन करायचा, हा नियम. टॅब विचारतो. दोन बटणं : 'फोन केला, पाहुणे ठीक' आणि 'फोन केला, उत्तर नाही'. दुसरं दाबलं की रोमेल येणार, सिक्युरिटी येणार, दार उघडणार, अर्धा तास गेला आणि बाकीच्या केबिनी पिवळ्या. त्यामुळे फोन कोणीच करत नाही. सगळे पहिलं दाबतात. मी दाबलं. दाबताना खाली पाहिलं, सूत अख्खं होतं.

मंगळवार, उतरायचा दिवस. बाई बाहेर येईनात. रोमेलने मास्टर चावीने उघडलं, मी मागे. बाथरूमच्या फरशीवर होत्या. एक टॉवेल खाली ओढलेला, हातात धरलेला. दार उघडताना सूत तुटलं ते फक्त मी पाहिलं.

डॉक्टरांनी टॅबचं रेकॉर्ड बघितलं. सोमवारी सकाळी ठीक होत्या म्हणजे त्यानंतर गेल्या, पटकन गेल्या, असं ठरलं. कंपनीने लेकीला तेच कळवलं. कंपनी खोटं बोलत नाहीये. त्यांना माझ्या बोटाने सांगितलं तेवढंच माहीत आहे.

रविवार, ९ नोव्हें.

आईबरोबर विहारात. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होतो. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन ते, आणि मी म्हणायचा थांबलो. आईने बाजूने पाहिलं. मी खोकल्यासारखं केलं.

घरी येऊन लेकीला उत्तर लिहायला घेतलं. 'तुमच्या आई म्हणाल्या, समुद्र आज शांत आहे.' चांगलं वाटलं वाचायला. इतकं चांगलं की मलाच आवाज ऐकू यायला लागला. खोडलं.

शेजारच्या जुबेदा आपा सकाळी दार ढकलून सरळ आत. मी पलंगावर उघडा बसलेलो. "अरे, तू है क्या? मैं तो तेरी अम्मी को देखने आई." मी नसतो तेव्हा रोज येतात म्हणे. आईने दार उघडायला जरा उशीर केला की भिंतीवर लाटणं आपटतात. त्यांना कोणी नियम करून दिलेला नाही.

मंगळवार, ११ नोव्हें.

मानकोलीला गेलो, संदीप कामाला आहे त्या पार्सलच्या गोडाऊनला. शाळेपासूनचा दोस्त. खरं सांगितलं तर जहाज संपलं, दुसरी कंपनीही घेणार नाही, तेव्हा इथे काही जमतं का ते बघायला. त्याला कारण सांगितलं नाही. म्हणाला, "ये ना, माणसं लागतातच. पाय सुजतात फक्त."

त्याच्या हातात स्कॅनर. पार्सल उघडून तपासायचं, मग बटण दाबायचं. न उघडता दाबत होता. मी बघतोय म्हणून हसला, "उघडत बसलो तर शिफ्ट इथेच संपेल."

मीही हसलो.

गुरुवार, १३ नोव्हें.

मॅ.चे दोन फोन. सोमवारी अकराच्या आत फॉर्म हवा, नाहीतर माझी जागा दुसऱ्याला.

आईने जेवण वाढता वाढता विचारलं, "काय केलंस तिकडं?" चोरी केली का, असं नाही विचारलं. सांगून टाकलं सगळं. सूत कुठलं तेही सांगितलं. तिने ताटाकडे बघत ऐकलं.

मग बाबांचं बोलली. बाबा लूमवर होते. मी सहावीत असताना ड्युटीवरच वारले. शेठच्या माणसाने येऊन सांगितलं होतं, जागच्या जागी गेले, त्रास झाला नाही. मला आजवर तेवढंच माहीत.

आई : "त्ये खोटं व्हतं. दोन लूमच्या मधी पडलं व्हतं. शिफ्ट बदलायला दुसरा मानूस आला तवा दिसलं. हात हालवीत व्हतं म्हनं बराच येळ. आवाजात कोनाला ऐकू यायाचं?"

तुला कोणी सांगितलं?

"शेजारच्या लूमवरचा दत्तू. सा वर्सांनी. त्यानं पाह्यला व्हता हात. त्याला वाटलं, तंबाखू मागत्यात."

तो दत्तूकाका मला आठवतो. दर रविवारी यायचा, माझ्यासाठी बिस्किटाचा पुडा आणायचा. मग यायचा बंद झाला.

"सांगितलं त्याचा राग न्हाय आला मला," आई म्हणाली. "सा वर्सं माझ्या हातचा चा पिऊन ग्येला आन बोलला न्हाय, त्याचा आला."

उठली, ताट उचललं. मी अर्धं जेवलो होतो.

शुक्रवार, १४ नोव्हें.

मॅ.ला फोन केला. म्हटलं, तिसरं वाक्य बरोबर नाही. फोन केला नव्हता.

मग मराठीत बोलल्या, पहिल्यांदाच. "प्रवीण, हे मी ऐकलं नाही. तुझ्या एकट्याचा प्रश्न नाही हा. सगळ्या पोरांचे टॅब तपासतील. आणि त्या मुलीला सांगून काय मिळणार तिला? आत्ता ती झोपते तरी."

वाईट बाई नाहीत. शेवटचं वाक्य मनापासून म्हणाल्या. तेच सगळ्यात जास्त लागलं. ती लेक आत्ता समजते की आई पटकन गेली. माझ्या पत्रानंतर तिला शनिवार रात्र, रविवार, सोमवार मोजावे लागतील. फरशी, टॉवेल. मी माझं ओझं उतरवून तिच्या डोक्यावर ठेवणार, असंच झालं ना हे?

आईला हे विचारलं. म्हणाली, "ती इचारतीया न्हवं? इचारलंय तिनं."

रविवार, १६ नोव्हें.

विहारात गेलो नाही. पत्र लिहिलं. इंग्रजी मोडकं आहे, पण एजन्सीतल्या कोणाकडून नीट करून घेणं शक्य नव्हतं.

लिहिलं, की सोमवारी मी तुमच्या आईशी बोललो नाही. न बोलता बटण दाबलं. शनिवारी संध्याकाळनंतर त्यांच्या केबिनीचं दार उघडलं नव्हतं, हे मला माहीत होतं, कसं ते लिहिलं. ठोठावायला हवं होतं, ठोठावलं नाही. त्या नक्की कधी गेल्या ते मला माहीत नाही. माझ्याशी शेवटचं बोलल्या ते शनिवारी, सहाच्या सुमारास. 'उद्या नक्की?' असं विचारलं होतं, टॉवेलच्या हत्तीसाठी. हसत होत्या. आवाज थकलेला नव्हता. मी नक्की म्हणालो होतो.

माफी मागणारं वाक्य चारदा लिहिलं, चारदा खोडलं. शेवटी 'माफ करा' एवढंच ठेवलं. खाली नाव आणि फोन नंबर.

आईला मराठीत वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "हत्ती कसा करत्यात रं?" अंघोळीचा पंचा घेतला, करून दाखवला. पंचा पातळ, सोंड उभी राहीना. तसाच पलंगावर पडलाय.

सोमवार, १७ नोव्हें.

साडेदहाला पाठवलं. लेकीला सरळ, तिचा मेलचा पत्ता मॅ.च्या मेलमध्येच होता. तेच पत्र फॉर्मच्या जागी मॅ.ला.

१०:४०, मॅ.चा फोन. उचलला नाही. १०:४५, परत. १०:५२, मेसेज : "ये क्या किया तूने". मग काही नाही. अकरा वाजून गेले.

आई कामाला गेली नाही आज. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जुबेदा आपा डोकावून गेल्या, "सब ठीक?" आई म्हणाली, "देखते."

१२:२०. फोन. नंबर परदेशातला, लांबलचक, ओळखीचा नाही. वाजून थांबला. आई समोर बसून माझ्याकडे बघतेय.

परत वाजायला लागला.