पाठ भिंतीला टेकवून

९ नोव्हेंबर

ती. काकांना,

नमस्कार. रीत म्हणून लिहिलाय, मनातून आलेला नाही. आईचा खोकला गेला. तुमचा राग अजून गेला नाही असं काकू म्हणाली. माझाही गेलेला नाही.

दुर्बिणीतून खांद्याचं ऑपरेशन झालेल्यांना खरंच किती फरक पडला, ते मोजणं हे माझं काम. घरातली पहिली पदवीधर पोरगी दवाखान्यात लागली म्हणून गल्लीभर तुम्हीच सांगत फिरलात. मग तुमचाच ऑपरेशन झालेला खांदा मोजायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांसमोर, "साहेब, पोरगी नवीन आहे, तिला मोजायला जमलं नाही," असं कसं म्हणवलं?

मला जमलं होतं. तुम्ही कमरेतून वाकडे होऊन हात वर नेत होतात. पाठ भिंतीला टेकवून उभं केलं, तर हात खांद्याच्या वर जाईना. "मोजतेस की फोटो काढतेस?" म्हणून हसलात. डॉक्टरांनी भिंतीपासून लांब उभं करून मोजलं, हात कानाला लागला. त्यांना यश मिळालं, तुम्हाला कामावर जायची चिठ्ठी. खोटी पडले मी. सगळ्यांनाच भिंतीशी उभं करून पुन्हा मोजू म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, "पेशंट बरं वाटतंय म्हणतोय, तुझं काय अडलंय?"

काय अडलंय? केस विंचरायला तुम्ही काकूला हाक मारता. आणि त्या हातानं परांचीवर चढून छत रंगवणार होतात. तोल गेला तर धरणार कशानं?

तुम्हाला कामावरून परत पाठवलं, ते बुटक्यानं मुकादमाचे कान भरले म्हणून, असं तुम्ही धरून चाललाय. इतक्या वर्षांचा तुमचा रंगकामातला जोडीदार, त्याला दारातून हाकललंत म्हणे.

त्यानं काही केलेलं नाही. मुकादमाला फोन मी केला.

पेशंटची गोष्ट बाहेर सांगायची नसते. मी सांगितली. उद्या डॉक्टरांना स्वतःच सांगणार आहे, मग ठेवतील किंवा काढतील. तुमच्या नावापुढचा माझा आकडा मात्र मी बदलणार नाही.

जन्मभर बोलला नाहीत तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही. तरीही पुन्हा चढायला निघालात, तर पुन्हा फोन करीन.

बुटक्याकडे आजच जा. शिव्या मला द्या.

तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचीच,
पुतणी