सुनेच्या बाजूनं साक्ष

सांगली, ता. ४ जुलै १९४८

तीर्थरूप मामंजींच्या पायांवर मनूनं डोकं ठेवलं आहे. विनंती अशी की,

तुमच्या चिरंजीवांनी मला माहेरी धाडून अंबूला ठेवून घेतलं, त्याला वर्ष होत आलं. आता ते लोणंदला दुसऱ्या बाईबरोबर राहतात आणि अंबूलाही तुमच्याकडून तिकडं नेणार, असं कळलं. काडीमोड हवी तर घ्यावी, मला माझी पोर हवी. इथले वकील म्हणतात, सासरच्या गावचा साक्षीदार आणा. तिथं माझ्या बाजूनं कोण बोलणार? साताऱ्यात एखादा वकील बघाल का? मुलाविरुद्ध बापालाच हे मागताना लाज वाटते, पण मला दुसरं माणूस नाही. माया कमी करू नये.

मनू

कोरेगाव, ता. १९ जुलै

सौ. लिहावं का न्हाई ते ठरंना, म्हणून नुसतं चि. मनूस नाथाजीचे आशीर्वाद.

सातारला जाऊन आलो. पैला वकील आपल्या सयाजीच्याच वळखीचा निघाला, बस बी म्हणाला न्हाई. दुसरे लालासाहेब वकील. लय तिरसट, पर सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, आज अंबूला आईकडं सोडली तर बाप उद्या उचलून न्हील. कोर्टाचा हुकूमच पायजे. आन् सयाजी कसा वागतो ते घरच्याच माणसानं सांगाय पायजे. घरात मीच हाय. तुझी सासू असती तर तिला इचारलं असतं. आता कुणाला इचारू? फुडल्या सोमवारी सातारला वकिलाकडं अर्जावर सही कराय ये. अंबू बरी हाय. खुशाली कळवीत जा.

नाथाजी

सांगली, ता. १२ डिसेंबर

तीर्थरूप मामंजींना मनूचा नमस्कार.

कोर्टानं अंबूचा ताबा मला दिला, तरी अजून खरं वाटत नाही. त्यांच्या वकिलानं तुम्हाला विचारलं, "तुम्ही बाप कुणाचे, मुलाचे की सुनेचे?" तुम्ही म्हणालात, "मी अंबूचा आजा." तेव्हा माझ्यानं मान वर करवली नाही.

पण निघताना अंबू तुम्हाला हाका मारत होती आणि तुम्ही पाठ फिरवून उभे राहिलात. आजा माझ्यावर रागावला का, असं ती रोज विचारते. मी तिला काय सांगू? उत्तर धाडावं, विसरू नये.

मनू

कोरेगाव, ता. २० डिसेंबर

चि. मनूस आशीर्वाद.

तोंड बघितलं असतं तर पोर हातातनं सुटली नसती, म्हणून पाठ केली. सयाजीनं निरोप धाडलाय, माझा बाप मेला. पारावर जाऊन बसलो की माणसं उठून जात्यात. घरात दिसभर कुणाशी बोलणं न्हाई. सकाळी उगंच अंबूला हाक मारतो, मग ध्यानात येतं.

राग न्हाई, हे तिला कागदावरनं कळायचं न्हाई. ऐतवारच्या गाडीनं मीच येतो. शेजारी एकच दिस म्हशीकडं बघाय कबूल झालाय, तवा एक रात ऱ्हाईन. गाडीला उशीर झाला तरी तिला निजू देऊ नको.

नाथाजी