लाल साटीनखालचं ऊन

तीर्थरूप मामांस, शिवणखोलीतल्या भाचीचा नमस्कार.

मामींची कंबर आता वाकू देते का? तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे ते विचारत नाही, कारण हे पत्र वाचून व्हायचं ते होईलच. गोळी घ्या आणि मगच पुढे वाचा.

तुम्ही ऊर्जा कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर, म्हणून तुमच्या शब्दाखातर मी सोलरचा अर्ज भरला. (अकरा पानं होती. त्यात ‘व्यवसायामुळे निसर्गाला होणारा त्रास’ असा एक रकाना होता. मी ‘दोऱ्याचे तुकडे’ असं लिहिलं.) तुमच्या योजनेच्या अटीप्रमाणे चारही मशिनींची पायडलं काढून जमा केली, त्याशिवाय म्हणे मोटारी मिळणार नव्हत्या. मोटारी आल्या, छपरावर पॅनल चढले, इंजिनियरने तारा जोडून बटण दाबलं आणि चारही मशिनी एकदम सुरू झाल्या. मी आणि माझ्याकडे शिवणाऱ्या तिघींनी टाळ्या वाजवल्या. आणि मग त्या गृहस्थाने वर जाऊन पॅनलवर पडदा टाकला!

पडदा, मामा! उद्घाटनाचा. मोठे साहेब येऊन दोरी ओढेपर्यंत काढायचा नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलं. बरं, तो पडदा आधी शिवून घेतला होता माझ्याकडूनच: लाल साटीनचा, झालरीसकट, आणि दुहेरी, का तर उन्हाने विटू नये. उन्हावर चालणारी वस्तू उन्हापासून जपून ठेवायची हे कुठल्या शाळेत शिकवतात हो?

याला सात आठवडे झाले. उद्घाटनाच्या ठरलेल्या पहिल्या तारखेला साहेब परदेशी गेले; गोरगरिबांपर्यंत सूर्याची वीज लवकर कशी पोचवावी यावर त्यांचं भाषण होतं. दुसऱ्या तारखेला आभाळ आलं, फोटो काळे येतील म्हणून कार्यक्रम पुढे ढकलला. तिसऱ्या तारखेला साहेबांऐवजी एक शिष्टमंडळ आलं. (साहेब नाहीत म्हणून पडद्याला हात लावायचा नाही, हे आलंच.) त्यांच्या माइकसाठी डिझेलचा जनरेटर आणून माझ्या दारात लावला. त्या धुरात उभं राहून पाऊण तास हरित विकास सांगितला, आणि मी कापून ठेवलेल्या पांढऱ्या कापडावर काजळी बसली. ते धुवायचं कोणी? शिष्टमंडळाने?

विजेची लाईन दिवसातून दीड तास येते, तीही तिच्या मर्जीने. शाळेचे दोनशे गणवेश दहा दिवसांत द्यायचे आहेत आणि झालेत एक्केचाळीस. पायडल नाही, तेव्हा एकीने हाताने चाक फिरवायचं आणि दुसरीने शिवायचं, म्हणजे चौघी राबून काम दोघींचं. मुख्याध्यापकबाई भल्या आहेत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलंय की यंदा वेळेवर झालं नाही तर पुढच्या वर्षी काम कारखान्याला. ते काम गेलं की माझ्या तिघी घरी बसणार. त्यातली धाकटी परवा शिवता शिवता रडली. मला रडू येत नाही, संताप येतो. तुमच्या इंजिनियरला फोन केला तर म्हणतो, “ताई, तुमचा प्रकल्प कागदावर पूर्ण झालाय. आता तक्रार कसली?”

तुमच्यावर मी रागावलेली नाही. (आहे.)

तुमची भाची

ता. क. पाकीट मिळेना म्हणून पत्र आठ दिवस पडून राहिलं. तेवढ्यात गणवेश झाले. दोनशेच्या दोनशे, काल इस्त्री करून शाळेत पोचते केले. बाईंनी पुढच्या वर्षाचं कामही सांगून ठेवलंय. पडदा मी काढलेला नाही, लिहून दिलंय ना! फक्त मधून कापला. रस्त्यावरून बघितलं तर झालर आहे तशीच दिसते.

आणखी एक ता. क. साहेब शुक्रवारी नक्की येतायत असं कळलं. माझं एवढं काम करा. त्यांना शिडी चढू देऊ नका, गुडघ्यांचं निमित्त काढा, आणि खालूनच दोरी ओढायला लावा, तीही हळू. झालर कच्च्या टाक्यांवर आहे. मधलं साटीन कुठे गेलं असं विचारलंच, तर सरळ त्यांना शाळेत न्या आणि कुठल्याही पोराला खिसे उलटे करायला सांगा. खिशांचं कापड कमी पडत होतं.